आधी विहिरी मोजा, बंबाचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नगरपंचायतीकडे एक बंब आहे, चालक आहे, पण बाकी माणसं जेमतेम. गेल्या मार्चमध्ये काजूच्या बागेत वणवा शिरला, बंब पोचायला पाऊण तास लागला आणि तोवर अर्धी बाग होरपळली. आता गावातली पंधरा-वीस मंडळी स्वयंसेवक अग्निशमन पथक उभं करायचं म्हणतात. अशी पथकं मुळात कशी सुरू झाली, ती नेमकं काय करतात, आणि घरटी एक तरी तरुण मुंबईला असलेल्या आपल्या कोकणात ती टिकतील का, हे तुम्हाला हवं आहे. सुरुवातीला कुठली गाडी घ्यावी, असंही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. गाडी घेऊ नका. पहिली दोन वर्षं तरी नको. आधी गावातल्या विहिरी मोजा.

मी सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावात बंबावर सव्वीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर आजूबाजूच्या वाड्यांतल्या स्वयंसेवकांना शिकवतो आहे. विहिरींचा हा आग्रह मी नोकरीत नवा असताना घडलेल्या एका प्रसंगातून आला. एप्रिल संपत आला होता, दुपारचे दोन वाजले होते. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, कडेला असलेल्या एका वाडीत मांगराला आग लागल्याची वर्दी आली. मांगरात गवत, पेंढा आणि पावसाळ्यासाठी भरलेली लाकडं. आमच्या बंबात 4500 लिटर पाणी. ऐकायला ते खूप वाटतं, पण एक ब्रँच, म्हणजे नळीच्या टोकाची तोटी, जोरात चालवली तर दहा-बारा मिनिटांत टाकी कोरडी होते. तशी ती झाली. घराला लागूनच विहीर होती, जांभ्याने बांधलेली, आत पाणी चमकताना दिसत होतं. आम्ही सक्शन, म्हणजे पाणी ओढायची जाड नळी, सोडलं, पंप चालू केला, पाणी चढेना. मला वाटलं कुठेतरी हवा ओढते आहे. जोड आवळले, गाळणी साफ केली, परत चालू केला. पाच-सहा मिनिटं अशी गेली. मग आमच्या जुन्या जवानांपैकी एकाने दोरीला दगड बांधून आत सोडला. पाणी चौतीस फुटांवर होतं.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. त्या दाबाची ताकद अगदी हिशोबाने धरली तर 10.3 मीटरपर्यंत, आणि प्रत्यक्षात 7 ते 7.5 मीटर, म्हणजे पंचवीस फूट. त्याच्या खाली पाणी असेल तर जगातला कितीही महाग पंप वर बसून ते उचलू शकत नाही. आम्ही उभे होतो तिथे पाणी होतं आणि आमच्यासाठी ते नव्हतं. तोवर मांगराची आग घराच्या वाशांना लागली. घरातली आजी तुळशीजवळ बसून विहिरीकडे हात करून एकच म्हणत होती, "पाणी आसा मां रे!" ते घर गेलं. माणसं वाचली, पण ते घर मला अजून दिसतं.

कोकणाची अडचण हीच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणारा हा प्रदेश, पण जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि उतार ते थेट समुद्राला नेतो. फेब्रुवारीपासून सड्यावरचं गवत कडक होतं, ओहळ-पऱ्हे आटतात, विहिरी खोल जातात, आणि नेमकं तेव्हाच राब भाजणं (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळणं), बागांची साफसफाई, शिमगा आणि उन्हाळ्याच्या झळा सगळं एकत्र येतं. आगीचे महिने आणि पाण्याचे महिने आपल्याकडे एकमेकांच्या विरुद्ध टोकाला आहेत. म्हणून इथलं स्वयंसेवक पथक हे आधी पाण्याची माहिती असलेलं पथक हवं.

आता इतिहास. बेंजामिन फ्रँकलिनने 1736 साली फिलाडेल्फियात तीस माणसांची एक मंडळी स्थापन केली, युनियन फायर कंपनी. प्रत्येकाने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचवण्यासाठी पिशव्या तयार ठेवायच्या, दर महिन्याला एकत्र बसून आगीबद्दल बोलायचं. जो बैठकीला येणार नाही त्याला दंड, आणि त्या दंडाच्या पैशातून शिड्या, आकडे आणि पंप. मला यात बादल्यांपेक्षा दंडाचा नियम महत्त्वाचा वाटतो. मंडळी वाढायला लागली तेव्हा त्यांनी तीसची पन्नास केली नाहीत, नव्यांना आपली वेगळी कंपनी काढायला सांगितलं. अमेरिकेत आजही आग विझवणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोक स्वयंसेवक आहेत, आणि लहान गावांत तर जवळजवळ सगळेच.

जर्मनीत 1846 साली डुर्लाख या छोट्या गावाने शिस्तीचं स्वयंसेवक पथक उभं केलं. पुढच्याच वर्षी शेजारच्या कार्लस्रूह शहरात नाट्यगृहाला मोठी आग लागली तेव्हा या गावच्या पथकाने जे काम केलं ते पाहून गावोगाव तशी पथकं निघाली. आज त्या देशात सुमारे दहा लाख स्वयंसेवक आहेत, आणि पगारी दल प्रामुख्याने मोठ्या शहरांपुरतं आहे. चिलीमधलं वालपराइसो हे बंदर. तिथे 1850 च्या अखेरीस मोठी आग लागली आणि 1851 मध्ये स्वयंसेवक दल उभं राहिलं. चिलीत आजही आग विझवणाऱ्याला पगार नसतो. जपानमध्ये अठराव्या शतकात जुन्या एडो शहरातल्या पेठांनी आपापली पथकं बांधली. त्यांच्यात सुतार आणि उंचावर काम करणारे कारागीर जास्त, कारण त्यांची पद्धत पाणी मारण्याची नव्हती. आगीच्या वाटेतली घरं पाडून ते मोकळी जागा करत. आपण वणव्यापुढे जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढतो, तोच विचार.

आपल्याकडे मात्र दुसरी घडी बसली. मुंबईच्या कोटात 1803 साली मोठी आग लागली, आणि पुढे त्या शतकात दल उभं राहिलं ते आधी पोलिसांच्या आणि मग महापालिकेच्या हाताखालचं, पगारी. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, 66 अग्निशमन जवान गेले. दर वर्षी 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो तो त्यांच्यासाठी. गावपातळीवर काय होतं? देवळातली घंटा, हंडे-कळश्यांची रांग आणि हिरव्या डहाळ्या. ती रांग कमी लेखू नका. चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली की विहिरीपासून घरापर्यंत पाणी धावतं, ते मी लहानपणी पाहिलं आहे. फक्त ते पाणी कोणी कुठे मारायचं हे ठरवणारा माणूस नसायचा.

स्वयंसेवकांची परंपरा आपल्याला अगदीच नवी नाही. गृहरक्षक दल म्हणजे होमगार्ड, ते 6 डिसेंबर 1946 ला मुंबईतच सुरू झालं. 1968 च्या नागरी संरक्षण कायद्यात स्वयंसेवकांना जागा आहे. आपदा मित्र योजनेत गावातल्या तरुणांना बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळालं आहे. पण मला सगळ्यात जवळचं उदाहरण केरळचं वाटतं, कारण तोही हाच किनारा, हाच जांभा, हाच पाऊस. 2018 च्या महापुरानंतर तिथल्या अग्निशमन खात्याने प्रत्येक केंद्राला पन्नास असे 124 केंद्रांवर 6200 नागरी स्वयंसेवक जोडायचं ठरवलं. ते स्वतंत्र मंडळ नाही. जवळच्या केंद्राशी त्यांची नाळ बांधलेली आहे. तुम्हीही तसंच करा. तुमच्या नगरपंचायतीच्या अग्निशमन विभागाशी लेखी जोडून घ्या, वेगळी चूल मांडू नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. स्वयंसेवक हे रिकाम्या पदांची भरपाई नव्हेत. तुमच्या बंबावर माणसं कमी आहेत, तर ती भरा म्हणून अर्ज करत राहा, पथक उभं राहिल्यावरही. अग्निशमन हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या यादीत आहे. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत तो नाही. त्यामुळे नगरपंचायतीच्या हद्दीबाहेरच्या वाड्यांसाठी केंद्र कुठेच नसतं, आणि तुमचाच बंब पंचवीस-तीस किलोमीटर धावतो. स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचे निकष शहरी भागात 5 ते 7 आणि ग्रामीण भागात 20 मिनिटांत पोचण्याचे आहेत. घाटी, वळणांची वाट, पाणंद, मध्ये खाडी, हे सगळं धरलं तर आपल्याकडे वीस मिनिटंही अवघड. ती पहिली वीस मिनिटं, हेच तुमच्या पथकाचं काम.

त्या वीस मिनिटांत काय करायचं? पहिल्यांदा वर्दी द्यायची, 101 किंवा 112 वर, आणि जळतंय काय ते सांगायचं: घर, गवत, गाडी की गॅस. एक माणूस हमरस्त्याच्या फाट्यावर बंबाला वाट दाखवायला उभा. हे काम सगळ्यांना किरकोळ वाटतं आणि कोणी घेत नाही, पण चुकीच्या पाणंदीत शिरलेला बंब मागे घ्यायला दहा मिनिटं जातात. दुसऱ्याने वीज तोडायची. घराचा मेन स्विच बंद, आणि तारांचा संबंध असेल तर वायरमनला सांगून डीपीवरून पुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय पाणी मारायचं नाही. बाकीच्यांनी माणसं आणि गुरं बाहेर काढायची, गुरांची दावी कोयत्याने कापायची, सोडत बसायचं नाही. सिलिंडर बाहेर आणायचे. आणि कोणीही, कितीही शूर असला तरी, धुराने भरलेल्या खोलीत श्वसनयंत्राशिवाय शिरायचं नाही. आगीत माणूस बहुतेक वेळा भाजण्याआधी धुराने जातो. कौलारू घरात एक सोय आहे: वरची दोन-चार कौलं बाहेरून बांबूने उचकटली की धूर वर निघून जातो. पण ते पाणी तयार असतानाच करा, नाहीतर तीच वाट ज्वाळांना मिळते, आणि खाली कोणी उभं नाही हे बघूनच.

पाण्याकडे परत येतो. पथकाची पहिली मालमत्ता म्हणजे पाण्याची वही. त्यात वाडीनिहाय विहिरी, बारमाही झरे, बंधाऱ्यातले डोह, देवळाची तळी, सिमेंटच्या टाक्या. प्रत्येकाशेजारी एप्रिलअखेरची खोली, बंब किती जवळ जातो, आणि मालकाचा फोन. विहिरीत पाणी पंचवीस फुटांच्या आत असेल तर सक्शन. पंधरा फुटांवर असेल तर पंप भरपूर पाणी देतो, बावीस-तेवीसला गेलं की धार मरते, हेही लिहून ठेवा. पंचवीसहून खोल असेल तर पाण्यात बुडणारा विजेचा पंप हवा. आणि इथे एक गाठ आहे, जी मी चुकून चुकून शिकलो: वणव्यात तारांमुळे वीज बंद केली की बागायतदाराच्या विहिरीवरची मोटरही त्याच क्षणी बंद पडते. म्हणून पथकाने गाडीच्या आधी घ्यायची वस्तू म्हणजे जनरेटर आणि एक सबमर्सिबल, लांब केबलसह. दर शनिवारी चालू करून बघायचा. पेट्रोल-डिझेलचा पंप दोरीने विहिरीत सोडायची युक्ती अनेकजण सुचवतात. आत माणूस असेल तर ते कधीही करू नका. इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड विहिरीत साठतो, त्याला वास नाही. कंदील सोडून बघायची जुनी रीत प्राणवायू कमी आहे का ते सांगते, हा वायू ती सांगत नाही. मे महिन्यात विहिरी उपसताना आधी एक बेशुद्ध होतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. तुमच्या पथकाने गावात शिकवायचा पहिला धडा हाच असू दे: खाली गेलेल्यामागे कोणी उतरायचं नाही.

खाडीकाठाला पाणी दिसतं म्हणून निश्चिंत राहू नका. भरतीला जेट्टीवर सक्शन सोडता येतं, ओहोटीला तिथे नुसता चिखल असतो आणि गाळणी दोन मिनिटांत बंद होते. म्हणून वहीत भरती-ओहोटीच्या वेळांचं कोष्टक हवं. खारं पाणी वापरलं तर त्याच दिवशी, थकवा असला तरी, पंप आणि नळ्या गोड्या पाण्याने धुवायच्या. नाही धुतल्या तर आतला इंपेलर, म्हणजे पंपाचं फिरतं चाक, आणि जोड पुढच्या वर्दीला दगा देतात.

आता वणवा, कारण तुमचा मूळ प्रश्न तिथून आला. हापूसच्या बागेत फवारणीचा पंप असतो, दोनशे लिटरचं पिंप असतं आणि शंभर मीटरपर्यंत नळी असते. बंब पोचण्याआधी वणवा रोखायला याहून चांगलं हत्यार नाही. दोनशे लिटर पाणी गवताच्या आगीवर फवारा करून मारलं तर धारेने मारलेल्या हजार लिटरपेक्षा जास्त काम होतं. पिंप मात्र औषधाचं नको. पथकासाठी वेगळं, स्वच्छ पिंप ठेवा, त्यावर लाल पट्टा मारा. पिकअपमध्ये ते पिंप, पंप आणि तीन माणसं, हीच तुमची पहिली गाडी, आणि ती गावात आधीच आहे.

वारा ओळखायला शिका. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, दुपारी खारा वारा उलटा, समुद्राकडून सड्यावर चढतो. आगही त्याच्याबरोबर चढते, आणि चढावर ती उतारापेक्षा कितीतरी वेगाने पळते. दर दहा अंश चढाला वेग साधारण दुप्पट धरा. म्हणून चढत्या आगीच्या वरच्या अंगाला कोणी उभं राहायचं नाही. बाजूंनी, जळालेल्या काळ्या जागेत पाय ठेवून, ऐनाच्या किंवा किंजळीच्या हिरव्या डहाळ्यांनी कडा दाबत पुढे जायचं. डहाळी वर उचलून आपटली की ठिणग्या उडतात. ती दाबायची आणि आगीकडे ओढायची. म्हाताऱ्या माणसांना हे हाताने येतं, त्यांना एक दिवस शिकवायला बोलवा, ते आनंदाने येतील. विझल्यासारखा वाटणारा वणवा बुंध्यात आणि शेणखतात धुमसत राहतो, संध्याकाळी दोन माणसं परत फिरवा. पण विझवण्यापेक्षा मोठं काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आहे. गवत कापणीनंतर बागांच्या गडग्याबाहेर आणि तारांच्या खाली जाळरेषा काढायच्या. समुद्राच्या खाऱ्या हवेने खांबावरच्या चिनी मातीच्या वाट्यांवर मिठाचा थर बसतो, ठिणगी पडते, खाली वाळलं गवत असतं. तेवढा एक पट्टा साफ असला तर निम्मे वणवे सुरूच होत नाहीत, असा माझा अनुभव आहे. राब भाजायचे दिवस वाडीवार वाटून घ्या आणि भाजणं सकाळी नऊच्या आत उरका.

बाकीच्या वर्दींबद्दल थोडक्यात. घरगुती सिलिंडरच्या तोंडाशी ज्वाळा असेल तर ओलं गोणपाट टाकून रेग्युलेटर बंद करता येतो, हे प्रत्येक बचत गटात करून दाखवा. नुसती गळती असेल तर दिव्याचं बटणही दाबू नका, दारं-खिडक्या उघडा, 1906 ला फोन करा. हा वायू हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत आणि गटारात साचतो. कढईतल्या तेलावर पाणी कधीच नाही, पाण्याची वाफ सतराशे पट फुगते आणि जळतं तेल छपरापर्यंत उडवते. झाकण ठेवा. महामार्गावर गॅसचा टँकर उलटला तर तुमचं काम एकच: लोकांना आणि गाड्यांना लांब नेणं. टँकर पेटलेला असेल तर दीड किलोमीटरच्या आत कोणी नको, मोबाइलवर चित्रण करणारे तर नकोतच. बर्फ कारखान्यातून अमोनिया सुटला तर वाऱ्याला आडवं होऊन बाहेर पडायचं, नाकातोंडावर ओलं फडकं. जेट्टीवर ट्रॉलर पेटला तर आधी शेजारच्या होड्यांचे दोर कापून त्या खाडीत ढकला. पेटलेल्या होडीत पाणी ओतत राहिलात तर ती तिथेच बुडेल आणि जळतं डिझेल पाण्यावर पसरेल. त्याला फोम लागतो.

आणि पावसाळा. 22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी चढलं, त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर दरड आली. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड-दापोलीत माडा-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. अशा दिवसांत बाहेरचं पथक रस्त्यातच अडकतं आणि पहिले दोन दिवस गावच गावाचं असतं. निसर्गाच्या वेळी सर्वात उपयोगी पडलेली वस्तू कुठली विचाराल तर चेनसॉ आणि धार लावलेले कोयते. 2018 मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, तेव्हा दोरांवरून खोल दरीत उतरणाऱ्यांत महाबळेश्वरचे गिर्यारोहक होते, सगळे स्वयंसेवक. ती तयारी वर्षानुवर्षांच्या सरावाची. तुमच्याकडे तशी मंडळी असतील तर त्यांना पथकात घ्या. नसतील तर दरीत उतरायचा हट्ट धरू नका. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये यासाठी मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आलं आहे, हे पोरांना सांगा, त्यामुळे हात आखडत नाही.

आता तुमचा सगळ्यात खरा प्रश्न: माणसं टिकतील का? गणपतीत आणि शिमग्यात गाव भरतं आणि तेव्हा पथकात नावं द्यायला शंभर जण येतात. त्यांची नावं घ्या, पण पथक त्यांच्यावर बांधू नका. मंगळवारी दुपारी तीनला गावात कोण असतं, त्यांचं पथक करा. मी हा हिशोब आमच्याकडे घातला तेव्हा उत्तर आलं: रिक्षावाले, वायरमन, गॅरेजवाला, दोन शिक्षक, पहाटे बोटीवरून परतणारे मच्छीमार, आणि बायका. घरी, बागेत, काजूच्या कारखान्यात, सगळीकडे बायकाच. आमच्याकडे वर्दीला सगळ्यात आधी पोचणाऱ्या आठ जणांत आज पाच बायका आहेत. त्यांना विहिरी पाठ असतात, कारण पाणी त्यांनीच भरलेलं असतं. त्यांना नुसतं प्रथमोपचाराला बसवू नका, नळी हातात द्या. 63 मिलिमीटरची भरलेली नळी कोणालाच एकट्याने धरवत नाही, पुरुषालाही नाही. तिला दोन-तीन माणसं लागतात आणि ती माणसं कशी उभी राहतात हे महत्त्वाचं.

पुण्याच्या अग्निशमन दलात लीडिंग फायरमनला तांडेल म्हणतात. शब्द आपल्या होड्यांवरचा आहे. होडीवर तांडेलाने सांगितलं की वाद नसतो, कारण वाद घातला तर सगळे बुडतात. प्रत्येक वर्दीला एकच तांडेल असेल, आणि नगरपंचायतीचा बंब आला की सूत्रं त्याच्या अधिकाऱ्याकडे जातील, हे पहिल्या बैठकीत लिहून सह्या घ्या. ज्याला हे मान्य नाही तो कितीही धाडसी असला तरी त्याला घेऊ नका. धाडसी माणसामुळे आम्हाला एकदा दुसऱ्या माणसाला वाचवायला आत जावं लागलं आहे.

सराव महिन्यातून दोनदा, दीड तास. फ्रँकलिनचा दंड लावा, दहा रुपये का असेना. सरावाला न येणारा वर्दीला आला तर त्याला फाट्यावर उभं करा, नळीवर नको. कपडे सुती, नायलॉनचा टी-शर्ट अंगावर वितळतो आणि कातडीसकट निघतो. सगळ्यांचा गट अपघात विमा पहिल्या महिन्यात उतरवा, त्याशिवाय एकही वर्दी घेऊ नका. बोलावण्यासाठी व्हॉट्सॲपवर विसंबू नका, सड्यावर रेंज नसते आणि रात्री अडीचला संदेशाने कोणी उठत नाही. एकाने दोघांना, त्या दोघांनी चौघांना फोन, आणि नगरपंचायतीचा भोंगा चालू अवस्थेत. त्याचा आवाज शेवटच्या वाडीपर्यंत जातो का ते एकदा वाऱ्याच्या उलट्या दिशेला उभं राहून ऐका.

सुरुवात कशी करायची ते विचारलंत. एप्रिलचा शेवटचा रविवार धरा, तेव्हा पाणी सगळ्यात खाली असतं. दोघा-दोघांच्या जोड्या करा, प्रत्येक जोडीला एक वाडी, एक वही, एक सुंभाची दोरी आणि टोकाला दगड. दगडापासून पंचवीस फुटांवर दोरीला लाल चिंधी बांधा. कठड्याच्या वरच्या कडेवरून सोडा, बंबाचा पंपही जमिनीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. दगड पाण्याला टेकला आणि चिंधी अजून हातात असेल, तर ती विहीर सक्शनची, कठड्यावर पांढऱ्या रंगाने खोलीचा मोठा आकडा लिहा. चिंधी कठड्याखाली गेली तर लाल रंगाने लिहा, तिथे जनरेटर लागणार. मालकाला विचारून लिहा, आणि त्याच्या घरातल्या कोणाला तरी पथकात यायला सांगूनच पुढच्या विहिरीकडे निघा.